हप्त्याहप्त्याने वाढणारं यंत्र

असेंबल्ड पीसीच्या कॅबिनेटचे मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला, की आतला सगळा कारभार उघडा पडतो. पंख्याखाली प्रोसेसर, त्याच्या शेजारी उभ्या रॅमच्या पट्ट्या, खालच्या स्लॉटमध्ये आडवं ग्राफिक्स कार्ड, कोपऱ्यात वीज पुरवणारा एसएमपीएस, पुढच्या बाजूला हार्ड डिस्क. प्रत्येक भागाची जागा ठरलेली आणि प्रत्येक भाग हाताने काढता-घालता येणारा. बीडमध्ये संगणक जुळवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे संगणक म्हटला की ही मांडणीच डोळ्यांसमोर येते. पुढच्या काही वर्षांत ती बहुधा दुर्मीळ होईल. ती का जाईल, तिच्या जागी काय येईल आणि आमच्यासारख्या जिल्ह्याचं त्यात काय जाईल, याचा हिशेब मांडावासा वाटतो.

तसं पाहिलं तर पीसीमधले सुटे भाग एकेक करून नाहीसे होणं ही जुनीच गोष्ट आहे. १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरला दशांशाची गणितं झेपत नसत, म्हणून ८०८७ नावाची वेगळी चिप शेजारी बसवावी लागे. १९८९ च्या ४८६ मध्ये ती प्रोसेसरच्या पोटात गेली. साउंड कार्ड, मोडेम, लॅन कार्ड एके काळी आम्ही स्लॉटमध्ये दाबून बसवत असू. ती सगळी मदरबोर्डवर जाऊन बसली. रॅमशी व्यवहार करणारा कंट्रोलर एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ च्या आत घेतला, इंटेलने २००८ मध्ये. २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्सही त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आलं.

मराठी वाचकाला यातलं सगळ्यांत जवळचं उदाहरण जिस्ट कार्डाचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलं. डॉसच्या काळात पीसीला देवनागरी येत नसे. जिस्टचं कार्ड आत बसवलं की पडद्यावर मराठी उमटे. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं जुळवण्याचं काम ते कार्ड करी. पुढे तेच काम आयएसएम, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरने घेतलं आणि बीडसारख्या गावातून निघणाऱ्या छोट्या दैनिकांची पानं डीटीपीवर लागू लागली. आज ते काम कुठल्याही फोनमध्ये फुकट होतं. ते कार्ड गेलं म्हणून कुणी हळहळलं नाही, कारण त्याच्या जाण्याने मराठी स्वस्त झाली. म्हणजे वेगळा भाग आत विरघळणं हे दर वेळी वाईटच असतं असं नाही. प्रश्न असतो तो आत गेल्यावर कोणाचं काय वाचलं आणि कोणाचं काय गेलं, एवढाच.

मग आत्ताच वेगळं काय घडतंय? ते समजायला वेग कुठून येतो हे पाहावं लागतं. मी दुकान सुरू केलं त्या काळात गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असे, किती मेगाहर्ट्झचा? नंतर तो गिगाहर्ट्झवर गेला. रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान केला की त्याची विजेची भूकही त्याच प्रमाणात घटते. या एका गुणावर तीस वर्षं वेग वाढत राहिला. मग ट्रान्झिस्टर इतका बारीक झाला की बंद असतानाही त्यातून वीज गळू लागली आणि तो हिशेब मोडला. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, ११५ वॅट खाऊ लागला, आणि चार गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला. त्या प्रोसेसरची मशीनं उन्हाळ्यात बीडच्या पत्र्याच्या दुकानांमध्ये कशी चालत, किंबहुना कशी मधेच बंद पडत, हे त्या काळच्या कुठल्याही नेट कॅफेवाल्याला विचारावं. त्यानंतर प्रोसेसरमध्ये एकाच्या जागी दोन, चार, आठ कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग, आले. एकेका कोअरचा वेग मात्र पूर्वीसारखा दुपटीने वाढला नाही.

दुसरी अडचण अंतराची. चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे सेकंदाचा चारशे कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जातो, आणि तांब्याच्या वाटेवरचा संकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास. रॅमची पट्टी प्रोसेसरपासून त्याहून लांब असते. तिथून एखादी संख्या मागवायची तर प्रोसेसरला काहीशे ठोके वाट पाहावी लागते. विजेचा हिशेब तर याहून वाईट. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये जी आकडेवारी मांडली, तिच्यानुसार दोन संख्यांच्या साध्या बेरजेला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या हजारो पट ऊर्जा त्या संख्या बाहेरच्या रॅममधून आणायला लागते. आकडेमोड आता जवळजवळ फुकट आहे. खर्च वाहतुकीचा आहे.

ग्राफिक्स कार्डाकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि असे अनेक कोयते मिळून मुकादमाची टोळी. एकटा कोयता कितीही चलाख असला तरी फड लवकर पडतो तो टोळीमुळे. ग्राफिक्स कार्डावरच्या चिपचं, म्हणजे जीपीयूचं, काम असंच चालतं. प्रोसेसरचे कोअर मोजके आणि हुशार. जीपीयूचे साधे, पण हजारोंनी, आणि एकाच वेळी एकच काम करणारे. पण टोळीतल्या कुणालाही विचारा, दिवस कशात जातो? मोळ्या बांधून पडलेल्या असतात आणि गाडी येत नाही. तोड कितीही झपाट्याने झाली तरी कारखान्यात ऊस पोहोचणार तो गाड्यांच्या खेपांप्रमाणेच. जीपीयूची गाडी म्हणजे मेमरी. म्हणून ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या २००६ च्या ८८०० जीटीएक्सवर १२८ कोअर होते, २०२५ च्या आरटीएक्स ५०९० वर २१,७६० आहेत, आणि त्यांना माल पुरवायला मेमरी थेट चिपच्या भोवती डाग देऊन बसवलेली आहे. सेकंदाला १,७९२ गिगाबाइट इतकी तिची वाहतूक. घरच्या पीसीत डीडीआर ५ च्या दोन पट्ट्या लावल्या तर नव्वदच्या आसपास मिळतात.

पुष्कळ साध्या प्रोसेसरांना एका कामाला जुंपण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आढेवेढे घेतल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० तयार झाला. एक बलाढ्य प्रोसेसर बनवणं शक्य नव्हतं. म्हणून ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा एकमेकींना जोडून काम साधलं. नाइलाजाने धरलेला तो रस्ताच पुढे साऱ्या जगाचा हमरस्ता झाला. आज नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीकडे तीस अँटेनांमधून येणारा माहितीचा लोंढा उपसायला जीपीयूच कामाला आहेत.

तर वेग हवा असेल तर भाग एकमेकांजवळ आणावे लागतात. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक नव्या रचना याच एका वाक्यात बसतात. अ‍ॅपलने २०२० च्या एम १ मध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकाच पॅकेजात घेतली. एएमडीने २०२२ मध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर कॅश मेमरीचा आणखी एक थर चढवला. एका चिपवर किती मावेल यालाही सीमा आहे: चिप छापणाऱ्या यंत्राच्या एका झोतात २६ बाय ३३ मिलिमीटरपेक्षा मोठं चित्र उमटत नाही, आणि हाय-एनए नावाच्या नव्या यंत्रांत हे क्षेत्र निम्मं होतं. म्हणून एक मोठी चिप करण्याऐवजी लहान लहान चिपलेट बनवून ते शेजारी-शेजारी, एकावर एक जोडायचे, हाच पुढचा मार्ग दिसतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं, तेही इंटेलच्या प्रोसेसरशेजारी आपलं ग्राफिक्स चिपलेट बसवण्याच्या बेतासह. मधल्या दर्जाचं सुटं ग्राफिक्स कार्ड याच वाटेने जाणार असं मला वाटतं.

पण जे जवळ आणून चिकटवलं ते सुटं करता येत नाही. वेग देणारी आणि दुरुस्ती हिरावणारी गोष्ट एकच आहे, म्हणून यात कुणा कंपनीला नुसती नावं ठेवून भागत नाही. फ्रेमवर्क ही अमेरिकी कंपनी तर दुरुस्त करता येणारे लॅपटॉप याच एका वचनावर उभी राहिली. तिने २०२५ मध्ये एएमडीची रायझेन एआय मॅक्स चिप घेऊन डेस्कटॉप काढला, तेव्हा त्यात मेमरी डाग दिलेलीच ठेवावी लागली. सुटी पट्टी लावून तेवढी वाहतूक साधत नाही, असं तिने उघडपणे सांगितलं.

या बदलाची चांगली बाजू आमच्या जिल्ह्याला नीट कळायला हवी, कारण ती विजेची आहे. जिल्ह्यातल्या परळीत औष्णिक वीज केंद्र असूनही २००५ नंतरच्या काही वर्षांत बीडच्या खेड्यांनी भारनियमन कसं सोसलं हे सगळ्यांना आठवतं. लाइट गेली की यूपीएस ओरडायला लागे आणि दहा मिनिटांत सगळं बंद. इन्व्हर्टरवर पेंटियम ४ आणि जाडजूड सीआरटी मॉनिटर चालवणं म्हणजे बॅटरीचा जीव घेणं होतं. आज सगळं एका चिपवर घेतलेली तळहातावर मावेल अशी लहान पेटी तीस-चाळीस वॅटमध्ये त्याच्या कितीतरी पट काम करते. ज्या शाळेच्या छतावर दोन सौर पट्ट्या आहेत तिच्यासाठी हा फरक चैनीचा नाही. संगणक-खोली चालू राहणार की बंद पडणार, हे त्यावर ठरतं.

दुसऱ्या टोकाला मात्र उलटंच चाललंय. २०१६ च्या जीटीएक्स १०८० ला १८० वॅट लागत. आरटीएक्स ५०९० ला ५७५ लागतात. आणि ही झाली घरातली गोष्ट. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनव्हिडियाच्या ७२ जीपीयूंचं जे एक कपाट तयार होतं, ते एकटं सुमारे १२० किलोवॅट खातं. परळीच्या एका २५० मेगावॅटच्या संचाची सगळी वीज दिली तर अशी दोन हजारांच्या आसपास कपाटं चालतील. थंड ठेवण्याचा खर्च वेगळाच. परळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये दुष्काळामुळे पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. आकडेमोडीला वीज लागते आणि विजेला पाणी, हे बीडला कुणी वेगळं शिकवायला नको.

याचा डेस्कटॉपशी संबंध काय? संबंध असा, की चिपा आणि मेमरी बनवणारे कारखाने मोजके आणि त्यांच्या दारात गिऱ्हाइकं दोन: घरचा पीसी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं डेटा सेंटर. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली; त्यात खेळांच्या ग्राफिक्स कार्डांचा वाटा अकरा अब्जांच्या जरा पुढे, म्हणजे शंभरात नऊ रुपयेही नाहीत. जिच्या कार्डांनी घरोघरचे पीसी सजले त्या कंपनीच्या वहीत घरचा पीसी आता कोपऱ्यात आहे. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले आणि मायक्रॉनने क्रुशल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला रॅम विकणं थांबवायचं जाहीर केलं. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारं, फ्लेक्सची डिझाइन करणारं आमचं गिऱ्हाईक डेटा सेंटरशी बोली लावू शकत नाही.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण भविष्याबद्दलच्या चर्चांमध्ये ती कधी येत नाही. बीडमध्ये संगणक पूर्ण विकत घेतला जात नसे, तो वाढवत नेला जाई. आज प्रोसेसर आणि बोर्ड चांगला घेऊ, रॅम एकच पट्टी टाकू, कापूस विकला की दुसरी. ग्राफिक्स कार्ड लगीनसराईत, मिक्सिंगची कामं आली की. मुलगा इंजिनिअरिंगला लागला की हार्ड डिस्क बदलू. जुनी पट्टी विकून नवीत भर घालायची, आणि ती जुनी पट्टी दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये आणखी चार वर्षं चालायची. जिथे पगार दर महिन्याला येतो तिथे सुटे भाग हा शौकाचा विषय असेल. जिथे पैसा पावसावर, भावावर आणि कारखान्याच्या बिलावर अवलंबून असतो तिथे ती पैशाची व्यवस्था होती. यंत्राची वाढ घराच्या मिळकतीबरोबर होत गेली.

दुरुस्तीचंही तसंच. पार्ट पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने यायचा आणि सकाळी मशीन चालू व्हायचं. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर, आणि अजूनही, आमची भिस्त एसटी आणि ट्रॅव्हल्सवरच. अशा गावात बिघाड एका पट्टीपुरता असणं आणि ती पट्टी खोडरबरने पाय पुसून पुन्हा बसवता येणं याला मोल होतं. सगळंच एका बोर्डावर असलं की बिघाडही सगळ्याचाच होतो. शिवाय ‘नंतर टाकू’ हा पर्याय उरत नाही. आठ वर्षांत किती मेमरी लागेल हे पहिल्याच दिवशी ठरवायचं आणि तिचे पैसेही त्याच दिवशी मोजायचे. नियमित उत्पन्न असलेल्याला हे जमून जातं.

म्हणून पुढचा डेस्कटॉप मला दोन टोकांना जाताना दिसतो. खालच्या टोकाला लहान, थंड, कमी विजेची बंद पेटी. बहुतेकांचं काम तिच्यावर उत्तम होईल. वरच्या टोकाला लाखांच्या घरातलं, हीटरइतकी वीज खाणारं मशीन. ज्याचा धंदाच त्यावर आहे त्याने घ्यावं. मधे होता तो वाढवता येणारा, तीस-चाळीस हजारांचा असेंबल्ड पीसी. गावोगावच्या एमएस-सीआयटी केंद्रांनी, डीटीपीवाल्यांनी, फोटो स्टुडिओंनी ज्याच्यावर आपलं बस्तान बसवलं तो हाच. तो मधला पातळ होत जाणार.

पूर्ण नाहीसा व्हायला हवा असं मात्र नाही. कॅम २ नावाची मेमरीची नवी पद्धत २०२३ च्या शेवटी जेडेक या संस्थेने प्रमाणित केली. तिच्यात मेमरीची पट्टी बोर्डावर आडवी, प्रोसेसरच्या अगदी जवळ बसते आणि स्क्रूने काढताही येते. २०२४ मध्ये एका लॅपटॉपमध्ये ती आली, डेस्कटॉपच्या बोर्डांवर तिचे नमुनेही दाखवले गेले. डाग दिलेल्या मेमरीइतकी वाहतूक ती दर ठिकाणी देणार नाही, पण शाळेच्या, कार्यालयाच्या कामाला पुरून उरेल. दुसरी आशा माझ्या शेजारच्या दुकानांतून दिसते. मोबाइल दुरुस्त करणारी पोरं मायक्रोस्कोपखाली हॉट एअर गन धरून तांदळाएवढे भाग उतरवतात, बसवतात. आमच्या पिढीला स्क्रू-ड्रायव्हर पुरला. पुढचा पीसी मेकॅनिक चिप-लेव्हलचं काम शिकलेलाच असेल. त्या कामाचं रीतसर शिक्षण जिल्ह्यातल्या आयटीआयमधून मिळायला हवं.

यंत्र मरतं ते नेहमी तापून किंवा जळूनच असंही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला, आणि नवी विंडोज ज्यांना स्वीकारत नाही अशी धडधाकट मशीनं एका तारखेने म्हातारी झाली. त्यातली पुष्कळ लिनक्स घालून अजून काही वर्षं काम देतील. पण कागदावर ती बाद झाली, आणि सरकारी कार्यालयात कागदच चालतो.

तो कागद मात्र आपल्या हातात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती, महाविद्यालयं संगणक घेताना प्रोसेसर कितवा, रॅम किती जीबी, एवढंच लिहितात. त्यात आणखी तीन अटी सहज मावतील: काम करताना मशीन किती वॅट घेतं, मेमरी आणि साठवणीचा भाग बदलता येतो का, आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार. चिपची रचना तैवान किंवा कॅलिफोर्निया ठरवेल. बीडला तिथे कोणी विचारणार नाही. पण छत्तीस जिल्ह्यांच्या निविदांमध्ये या तीन ओळी आल्या, तर त्यांना उत्तर देणारं मशीन कोणीतरी बनवेलच, कारण तेवढ्या मोठ्या खरेदीकडे पाठ फिरवणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही.